पार्श्वभूमी : संस्थांचं ‘लाइव्ह’ आणि दूर गेलेले हितचिंतक

ग्रंथालय असो, वृद्धाश्रम असो की गणेशोत्सव मंडळ, इंदूरच्या मराठी संस्थांची अडचण एकच आहे. वर्गणी देणारी पिढी इथे आहे, पण आता थकली आहे. तिची मुलं-नातवंडं पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला. त्यांना संस्थेबद्दल माया असते, पण संस्था डोळ्यांआड झालेली असते. गेल्या काही वर्षांत कार्यक्रम ‘लाइव्ह’ दाखवण्याची जी धडपड दिसते, ती या अडचणीतून आली आहे. तिच्यामागची परंपरा मात्र जुनी आहे.

लोकांपुढे काही सादर करावं आणि तिथेच मदत मागावी, ही रीत आपल्याकडे कीर्तनाची. उत्तररंग, म्हणजे कीर्तनाचा कथेचा उत्तरार्ध, संपला की आरती होते आणि आरतीचं ताट श्रोत्यांतून फिरतं. स्वदेशी उद्योगांसाठी निघालेल्या ‘पैसा फंड’ या संस्थेने याच विश्वासावर लोकांकडून एकेक पैसा जमवला आणि 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा केला. पुढे संस्थांचे वार्षिक अहवाल छापले जाऊ लागले. शेवटच्या पानांवर देणगीदारांची यादी असायची, ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’ वगैरे. अहवाल घरी आला की आधी ते पान उघडलं जायचं. आपण दिलेले अकरा रुपये कुणीतरी लिहून ठेवले, याचं समाधान फार मोठं असतं.

दूरचित्रवाणीच्या थेट प्रक्षेपणातून निधी उभारायला सुरुवात झाली अमेरिकेत. 1949 मध्ये विनोदी कलाकार मिल्टन बर्ल यांनी कर्करोग संशोधनासाठी दूरचित्रवाणीवर सलग 16 तासांचा कार्यक्रम केला आणि दहा लाख डॉलरांहून जास्त रकमेची आश्वासनं मिळवली. अशा कार्यक्रमांना टेलिथॉन म्हणू लागले. 13 जुलै 1985 ला इथिओपियाच्या दुष्काळासाठी लंडन आणि फिलाडेल्फियाहून झालेला ‘लाइव्ह एड’ हा त्याचा सर्वांत भव्य अवतार. आपल्याकडे एनडीटीव्हीने 2009 मध्ये ‘ग्रीनेथॉन’ केला, खेड्यांत सौरदिवे पोहोचवण्यासाठी. पण हे सगळं वाहिनी हाताशी असणाऱ्यांचं काम. इंदूरला 1955 पासून मालवा हाऊसमध्ये आकाशवाणीचं केंद्र होतं, तरी रामबागेतल्या एखाद्या छोट्या संस्थेला वाटलं म्हणून तिथून देणगीदारांशी बोलता येण्यासारखं नव्हतं.

इंटरनेटवर ही वाट 2007 च्या सुमाराला मोकळी झाली. त्यातल्या ‘यूस्ट्रीम’ या थेट प्रक्षेपणाच्या संकेतस्थळाची कथा आपल्या विषयाला जवळची आहे. ती सुरू करणाऱ्यांपैकी दोघे अमेरिकी लष्करी अकादमीत शिकलेले. इराकमध्ये असलेल्या सैनिकांना घरच्या माणसांशी, मित्रांशी बोलता यावं, ही मूळ कल्पना. म्हणजे दुरावलेली माणसं जोडणं हा हेतू आधीपासूनच होता.

आपल्यासाठी खरं वळण 2016 चं. एप्रिलमध्ये फेसबुकने लाइव्हची सोय सर्वांना खुली केली. त्याच महिन्यात यूपीआयची घोषणा झाली. सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि डेटा कवडीमोल झाला. दाखवणं, मागणं आणि देणं या तिन्ही गोष्टी एका वर्षात एकाच फोनवर आल्या. पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पाने 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीची 80जी कलमाखालची प्राप्तिकर सवलत काढून टाकली, तेव्हा पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनाही बँकेचा रस्ता धरावा लागला.

तरी बहुतेक संस्था जागच्या हलल्या त्या 2020 च्या टाळेबंदीत. 3 मे 2020 ला फेसबुकवर झालेल्या ‘आय फॉर इंडिया’ मैफलीतून सुमारे 52 कोटी रुपये जमले. मोठ्या कलाकारांचे आकडे मोठेच असणार. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते छोट्या सभागृहांत घडलं ते. व्याख्यानमाला, भजनं, अथर्वशीर्षाची आवर्तनं फोनवरून जाऊ लागली, आणि इंदूरची संध्याकाळ अमेरिकेत सकाळ असते हे कार्यकर्त्यांच्या ध्यानात आलं. इथले सात म्हणजे न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेनऊ. शनिवार-रविवारी तिकडे निवांतपणे चहा घेत कार्यक्रम पाहता येतो.

इथे कीर्तनाच्या ताटाला आणि टेलिथॉनला न जमलेली गोष्ट होते: दूरचा माणूस उलट बोलतो. ‘नमस्कार काकू, आवाज येत नाहीये’ ही पहिली प्रतिक्रिया ठरलेली. सभागृहाच्या मिक्सरमधून फोनला वायर जोडली की ती तक्रार मिटते. मग जुनी शाळा, जुने गुरुजी, आईचं नाव निघू लागतं. सूत्रसंचालकाने व्यासपीठावरून ही नावं वाचली की अहवालातलं शेवटचं पान जिवंत होतं. चित्र काही सेकंद मागे असतं, म्हणून प्रश्न विचारल्यावर थोडं थांबावं लागतं. मागच्या खुर्चीवर फोन उभा करून निघून जाणाऱ्या संस्थांना प्रेक्षक टिकत नाहीत. प्रतिक्रिया वाचायला एक माणूस वेगळा बसवलाच पाहिजे.

सगळंच दाखवता येतं असं नाही. इंदूरचा सानंद न्यास सभासदांचे गट पाडून एकाच नाटकाचे अनेक प्रयोग करतो, ती गर्दी सभागृहाचीच. व्यावसायिक नाटक निर्मात्याच्या परवानगीशिवाय प्रक्षेपित करता येत नाही. मध्यंतरात ध्वनिमुद्रित गाणं लावलं तर यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि कधी कधी आवाज बंद करते.

सर्वांत नाजूक बाब पैशांची. पडद्यावर क्यूआर कोड ठेवताना संस्थेने परकीय योगदान कायदा, म्हणजे एफसीआरए, पाहायला हवा. परदेशात राहणारा, पण भारतीय पासपोर्ट असलेला मुलगा स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देतो ते परकीय योगदान धरलं जात नाही. त्याच्याच भावाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरलं जातं, मग त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी. अशा देणगीसाठी संस्थेची एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. म्हणून प्रक्षेपणात निवेदन करतानाच कोणी कुठे द्यायचं हे स्पष्ट सांगावं.

आणि एक ताजा बदल. फेब्रुवारी 2025 पासून फेसबुक नवं लाइव्ह चित्रण 30 दिवसच ठेवतं. कार्यक्रम संपल्यावर ते उतरवून घेऊन संस्थेच्या हार्डडिस्कवर, तारीख आणि वक्त्याचं नाव घालून जपायचं काम आता चिटणिसांच्या कामांत धरावं लागेल.