आभा क्रमांक कसा काढायचा, जुने रिपोर्ट कसे जोडायचे आणि डॉक्टरांना परवानगी कशी द्यायची

आभा कार्ड, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडणाऱ्या सरकारी ओळख क्रमांकाचे कार्ड, मोबाइलमध्ये आहे, पण ॲप उघडले तर आत एकही रिपोर्ट नाही, असे अनेकांच्या बाबतीत होते. क्रमांक काढला की सगळी फाईल आपोआप गोळा होईल असा समज असतो. तसे होत नाही. क्रमांक काढायला दहा मिनिटे लागतात. त्या क्रमांकाला रुग्णालयातल्या नोंदी जोडणे हे पुढचे आणि जास्त महत्त्वाचे काम आहे. बहुतेक अडचणी तिथेच येतात, म्हणून या लेखात त्यावरच जास्त भर दिला आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. महाराष्ट्रात ही योजना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसोबत राबवली जाते. आभा दाखवून बिलातला एक रुपयाही कमी होत नाही. आभा हा १४ आकडी ओळख क्रमांक आहे आणि तो तुमच्या आरोग्याच्या नोंदी एका धाग्यात ओवण्यासाठी आहे. तो ज्या सरकारी कार्यक्रमातून मिळतो, ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले आणि त्याचे काम राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण पाहते. आधी याच क्रमांकाला ‘हेल्थ आयडी’ म्हणत. जुन्या कागदावर तो शब्द दिसला तर घाबरू नका.

रिपोर्ट नेमके राहतात कुठे?

दिल्लीतल्या एखाद्या मोठ्या सर्व्हरवर सगळ्यांचे रिपोर्ट साठवलेले नाहीत. ज्या रुग्णालयाने किंवा लॅबने रिपोर्ट तयार केला, तो त्यांच्याच संगणकात राहतो. तुम्ही परवानगी दिली की तो तिथून कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट होऊन निघतो आणि ज्याच्यासाठी परवानगी दिली त्याच्याकडेच उघडतो. मधली यंत्रणा फक्त परवानगीची देवाणघेवाण करते. रिपोर्टमधला मजकूर तिला वाचता येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की रुग्णालयाकडे तुमची नोंद संगणकात नसेल, नुसती कागदी फाईल असेल, तर ॲपमध्ये ती कुठूनही येणार नाही.

पात्रता आणि कागदपत्रे

उत्पन्नाची, वयाची किंवा रेशनकार्डाच्या रंगाची कुठलीही अट नाही. शुल्क नाही. आभा काढणे ऐच्छिक आहे आणि आभा नाही म्हणून कोणतेही रुग्णालय उपचार नाकारू शकत नाही.

लागते ते एवढेच: आधार क्रमांक आणि आधारला जोडलेला मोबाइल हातात. आधारचा ओटीपी त्याच मोबाइलवर येतो, दुसऱ्या कुठल्याही नाही. तो नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्रावर जाऊन किंवा पोस्टमनमार्फत नंबर बदलून घ्या. त्याला वेगळे कागदपत्र लागत नाही, पण बोटांचे ठसे द्यायला स्वतः हजर असावे लागते. ज्येष्ठांचा ओटीपीवाला फोन मुलाकडे पुण्यात आणि ते स्वतः गावी असतील, तर या मिशनमध्ये सहभागी असलेल्या सरकारी रुग्णालयात ठशांवरून किंवा चेहऱ्यावरून आधार पडताळून आभा काढून मिळतो का ते विचारा.

आधार द्यायचे नसेल तर वाहन परवान्यावरूनही अर्ज करता येतो. मात्र त्या मार्गाने लगेच आभा क्रमांक मिळत नाही, आधी नोंदणी क्रमांक मिळतो. मूळ परवाना घेऊन सहभागी रुग्णालयात पडताळणी झाली की मग आभा पक्का होतो.

क्रमांक काढण्याची प्रक्रिया

आभा डॉट एबीडीएम डॉट जीओव्ही डॉट इन हे सरकारी संकेतस्थळ उघडा किंवा प्राधिकरणाचे आभा ॲप घ्या. ‘आभा क्रमांक तयार करा’ निवडा, आधार निवडा, १२ आकडे भरा, संमतीचा मजकूर वाचून खूण करा आणि ओटीपी टाका. मग संपर्कासाठी मोबाइल विचारला जातो. हा आधारच्या नंबरपेक्षा वेगळा दिला तरी चालतो, त्यावर आणखी एक ओटीपी येतो. इथे घाई करू नका. रुग्णालयात केसपेपर काढताना जो नंबर सांगता, तोच इथे द्या. त्याचे कारण पुढे येईलच.

नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता आणि फोटो आधारवरूनच येतात. तिथे चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करायचे आणि मग आभा प्रोफाइलमध्ये पुन्हा केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करायची.

त्यानंतर आभा पत्ता निवडायचा. ईमेलसारखा दिसतो: तुम्ही निवडलेले नाव आणि त्यामागे ‘@एबीडीएम’, सगळे इंग्रजी अक्षरांत. नाव ८ ते १८ अक्षरांचे असावे, त्यात आकडे चालतात. एक टिंब आणि एक अंडरस्कोअर चालतो, पण सुरुवातीला किंवा शेवटी नाही. जन्मवर्ष किंवा मोबाइल नंबर या पत्त्यात घालू नका. तो काउंटरवर मोठ्याने सांगावा लागतो.

क्रमांक माणसाला एकच मिळतो, पत्ते मात्र एकापेक्षा जास्त काढता येतात, आणि नेमका तिथेच घोळ होतो. नोंदी पत्त्याला जोडल्या जातात. एका ॲपमध्ये एक पत्ता आणि दुसऱ्या ॲपमध्ये दुसरा काढला की निम्मे रिपोर्ट इकडे, निम्मे तिकडे. ॲप कितीही बदला, लॉगिन त्याच जुन्या पत्त्याने करा.

जुने रिपोर्ट जोडणे

ॲपमध्ये नोंदी जोडण्याचा पर्याय उघडून रुग्णालयाचे किंवा लॅबचे नाव शोधा. नाव यादीतच नसेल तर ती संस्था अजून या यंत्रणेत आलेली नाही किंवा तिचे सॉफ्टवेअर जोडलेले नाही. नाव सापडले की ॲप तुमचे नाव, लिंग, जन्मवर्ष आणि मोबाइल नंबर त्या रुग्णालयाला पाठवते. रुग्णालयाचा संगणक आपल्या नोंदींशी ते ताडून पाहतो. जुळले तर तुमच्या भेटींची यादी दिसते, त्यातल्या हव्या त्या निवडायच्या. मग रुग्णालयाकडून ओटीपी येतो. हा ओटीपी रुग्णालयाच्या नोंदीत असलेल्या मोबाइलवर जातो, आभाच्या मोबाइलवर नव्हे. म्हणून वर दोन्हीकडे नंबर एकच ठेवायला सांगितले.

‘नोंद सापडली नाही’ असे आले तर कारण बहुधा या तिघांपैकी एक असते. पहिले, मोबाइल. ॲडमिट करताना धावपळीत भाच्याचा किंवा शेजाऱ्याचा नंबर लिहिला जातो. दुसरे, वय. केसपेपरच्या खिडकीवर जन्मतारीख कोणी विचारत नाही, ‘वय किती?’ एवढेच विचारतात. आजी म्हणतात ‘असेल साठ-पासष्ट’, आणि संगणक त्यावरून जन्मवर्ष काढतो. आधारवरचे वर्ष वेगळे असले की जुळणी फसते. तिसरे, नाव. आधारवर ‘सुनीता रामचंद्र पाटील’, केसपेपरवर ‘पाटील सुनिता आर.’, आणि बाळंतपणाच्या जुन्या फाईलवर माहेरचे आडनाव. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या नोंदी याच कारणाने सर्वात जास्त हरवतात. बाळंतपण, सिझेरियन, रक्तगट, थायरॉइड अशा पुढे उपयोगी पडणाऱ्या नोंदी तिथेच अडकून राहतात, म्हणून त्या सोडून देऊ नका.

यावर उपाय ॲपमध्ये नाही, खिडकीवर आहे. आभा कार्ड, आधार आणि जुना केसपेपर किंवा डिस्चार्ज कार्ड घेऊन नोंदणी कक्षात जा. केसपेपरवर रुग्णाचा कायमचा नोंदणी क्रमांक असतो, त्याला बऱ्याच ठिकाणी यूएचआयडी म्हणतात. तो दाखवून तीन गोष्टी मागा: नाव, जन्मतारीख आणि मोबाइल आधारप्रमाणे दुरुस्त करा, माझ्या नावाने दोन नोंदणी क्रमांक झाले असतील तर एक करा, आणि त्या क्रमांकाला माझा आभा जोडा. नावबदलासाठी विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जवळ असू द्या. एकदा हे झाले की पुढच्या भेटींच्या नोंदी रुग्णालय स्वतःच जोडू शकते.

कागदी फाईल उरतेच. ती ॲपमध्ये स्वतः स्कॅन करून चढवता येते. दिवसा खिडकीजवळ कागद सपाट ठेवून फोटो घ्या. डिस्चार्ज समरीची सगळी पाने एकाच फाईलमध्ये ठेवा आणि नावात तारीख, तपासणी लिहा. थर्मल कागदावरचे ईसीजी काही वर्षांत पुसट होतात, त्यांचा नंबर पहिला लावा. एक्स-रेच्या फिल्मपेक्षा तिचा लेखी अहवाल आधी चढवा.

स्कॅन करून केसपेपर

ऑक्टोबर २०२२ पासून अनेक मोठ्या रुग्णालयांत ओपीडीच्या दारात क्यूआर कोड लावलेला दिसतो. ॲपने तो स्कॅन करून ‘शेअर’ दाबले की टोकन मिळते आणि खिडकीवर नाव-पत्ता सांगत बसावे लागत नाही. यात फक्त ओळखीची माहिती जाते: नाव, वय, लिंग, मोबाइल, पत्ता, आभा. रिपोर्ट जात नाहीत. आधारवरून आलेली अचूक माहिती थेट नोंदीत जाते, त्यामुळे वर सांगितलेली नाव-वयाची चूक मुळातच टळते. टोकनला मुदत असते. घरून निघताना नाही, रुग्णालयात पोचल्यावर स्कॅन करा.

परवानगी देताना काय वाचायचे?

डॉक्टरांना जुने रिपोर्ट पाहायचे असतील तर ते तुमच्या आभा पत्त्यावर विनंती पाठवतात. ती अशी दिसते: कोण मागत आहे, कशासाठी, कोणत्या प्रकारच्या नोंदी (औषधचिठ्ठी, तपासणी अहवाल, डिस्चार्ज समरी, लसीकरण वगैरे), कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या, आणि परवानगी कधी संपणार. यातले बहुतेक रकाने तुम्हाला मंजुरीआधी बदलता येतात. विनंती आली तशी मंजूर करणे हा एकमेव पर्याय नाही.

समजा पित्ताशयाच्या खड्यांसाठी सर्जनकडे गेलात आणि गेल्या दहा वर्षांच्या सगळ्या नोंदी, वर्षभराच्या मुदतीने मागितल्या गेल्या. तुम्ही तारखा अलीकडच्या दोन वर्षांच्या करू शकता, मुदत दोन-तीन आठवड्यांवर आणू शकता आणि ज्या दवाखान्याचा या आजाराशी संबंध नाही त्याची खूण काढू शकता. एक गोष्ट मात्र काळजीपूर्वक करा. शस्त्रक्रिया असेल तर चालू औषधांच्या चिठ्ठ्या लपवू नका. रक्त पातळ करणारी गोळी, मानसोपचाराची औषधे, स्टेरॉइड हे भूलतज्ज्ञांना कळलेच पाहिजे. चिठ्ठी दाखवायची नसेल तर औषधाचे नाव तोंडी तरी सांगा.

दिलेली परवानगी ॲपमधल्या यादीतून कधीही मागे घेता येते. त्यानंतर नवी नोंद ओढता येत नाही. मात्र डॉक्टरांनी तुमचे रिपोर्ट पाहून स्वतःच्या केसपेपरवर जे लिहिले ते त्यांची नोंद म्हणून राहते. विमा कंपनीकडूनही अशीच विनंती येऊ शकते, म्हणून मागणाऱ्याचे नाव आणि उद्देश हे दोन रकाने कधीही न वाचता सोडू नका. न ओळखीच्या नावाने आलेली विनंती सरळ नाकारा. नाकारल्याने कुठलीही नोंद पुसली जात नाही.

ओटीपीचेही तसेच. खिडकीवर तुमच्यासमोर आभा काढताना ओटीपी मागतील, ते ठीक आहे. पण मेसेज आधी स्वतः वाचा, तो कशासाठी आहे हे त्यातच लिहिलेले असते. फोन करून ‘रुग्णालयातून बोलतोय, आभा अपडेट करायचा आहे’ म्हणणाऱ्याला ओटीपी देऊ नका.

रुग्णालय यंत्रणेत नसेल तर

तुमचा हक्क ॲपवर अवलंबून नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने नोंदी मागितल्यावर पोच देऊन ७२ तासांत प्रती द्यायच्या असतात. आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपायच्या असतात, म्हणून मागायला उशीर करू नका. अर्ज साध्या कागदावर चालतो: रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक, दाखल व डिस्चार्जच्या तारखा, आणि हवे असलेले कागद नावानिशी (केसपेपर, नर्सिंग नोंदी, शस्त्रक्रियेची टिपणे, तपासण्या). सोबत ओळखपत्राची झेरॉक्स; दुसरा कोणी जात असेल तर सहीचे अधिकारपत्र. आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, ७२ तास तिथून मोजता येतात. बिल थकले असेल तरी अर्ज द्या आणि पोच घ्या.

तक्रार आणि आभा बंद करणे

चुकीच्या माणसाचा रिपोर्ट तुमच्या ॲपमध्ये जोडला गेला, तर त्याचा स्क्रीनशॉट कोणाला पाठवू नका, ती दुसऱ्याची खासगी माहिती आहे. ती नोंद न उघडता आधी रुग्णालयाच्या नोंदणी कक्षाला कळवा. चुकीचे उपचार होण्याइतकी ही चूक गंभीर असते. तिथे दाद लागली नाही तर मिशनची टोल फ्री हेल्पलाइन १८००-११-४४७७ किंवा १४४७७. फोन करताना आभा क्रमांक, रुग्णालयाचे नाव आणि भेटीची तारीख समोर ठेवा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या.

आभा नको असेल तर प्रोफाइलमध्ये दोन पर्याय आहेत. ‘निष्क्रिय’ केला तर नंतर पुन्हा सुरू करता येतो. ‘काढून टाका’ केले तर तो क्रमांक कायमचा जातो आणि त्याला जोडलेल्या नोंदी ॲपमधून दिसेनाशा होतात. रुग्णालयाकडची मूळ नोंद तशीच राहते. स्वतः स्कॅन करून चढवलेले कागद मात्र कायमचे जाऊ शकतात, त्यामुळे ते आधी उतरवून घ्या.