मायक्रोवेव्हमधील मिष्टान्ने व सॉस

मायक्रोवेव्हमधील मिष्टान्ने व सॉस : सूक्ष्मतरंगांनी अन्न तापवणाऱ्या विद्युत भट्टीत खवा, पेढे, बर्फी, पुरण, कस्टर्ड, कॅरॅमल यांसारखे गोड पदार्थ आणि पांढरा सॉस, चॉकलेट सॉस, फळांचे सॉस, चिंचगुळाची चटणी यांसारखी दाटसर द्रवे करण्याची पाकपद्धती. नागपुरातील स्वयंपाकघरांत ही भट्टी आली तेव्हा तिच्या वाट्याला पहिले काम आले ते सकाळची भाजी संध्याकाळी गरम करण्याचे, आणि अनेक घरांत ती आजही तेवढेच करते. परंतु दूध आटवताना, पुरण शिजवताना किंवा कॉर्नफ्लोअरचे मिश्रण दाट करताना पातेल्याच्या बुडाला लागण्याची जी सततची धास्ती असते ती या भट्टीत जवळजवळ उरत नाही, हे ज्यांच्या ध्यानात आले त्यांनी तिला गोडाच्या कामाला लावले. याच गुणाची दुसरी बाजू अशी की, ज्या पदार्थाची चव आचेवरच्या खरपूसपणातून येते तो येथे फिकाच उतरतो. कोणता पदार्थ या भट्टीत करावा आणि कोणता गॅसवरच ठेवावा, याचा निवाडा बहुतांशी या एका कसोटीवर होतो.

तंत्राचा उगम रडारमध्ये आहे. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल व हॅरी बूट यांनी १९४० मध्ये पोकळी मॅग्नेट्रॉन ही सूक्ष्मतरंग निर्माण करणारी नळी सिद्ध केली. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे अभियंते पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातील गोड वडी अशाच मॅग्नेट्रॉनजवळ काम करताना वितळली; म्हणजे या भट्टीचा इतिहासच मुळी गोडापासून सुरू होतो. स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५० मध्ये ते मंजूर झाले. १९४७ च्या सुमारास बाजारात आलेली ‘रडारेंज’ ही पहिली भट्टी माणसाच्या उंचीची व सुमारे ३४० किलोग्रॅम वजनाची होती. ओट्यावर मावेल अशी घरगुती भट्टी अमाना कंपनीने १९६७ मध्ये आणली.

घरगुती भट्टीतील तरंगांची वारंवारता २,४५० मेगाहर्ट्‌झ आणि तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर असते. पाण्याच्या रेणूच्या एका टोकास किंचित धन व दुसऱ्या टोकास ऋण भार असल्यामुळे तो बदलत्या विद्युत क्षेत्राबरोबर वळू पाहतो, शेजारच्या रेणूंशी त्याची घासाघीस होते आणि उष्णता निर्माण होते. पाणीदार पदार्थात हे तरंग दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत चांगले शिरतात. त्यापलीकडचा भाग नेहमीप्रमाणे उष्णतेच्या वहनानेच तापतो. ‘मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो’ ही समजूत त्यामुळे चुकीची आहे. काचेचे भांडे तरंगांना आरपार जाऊ देते आणि स्वतः फारसे तापत नाही. ते तापते ते आतल्या पदार्थामुळे. गॅसवरच्या पातेल्यात नेमके उलटे घडते. तेथे बूड पदार्थापेक्षा कितीतरी अधिक तापलेले असते आणि दुधातील प्रथिने व साखर खाली बसून करपतात. मायक्रोवेव्हमध्ये पाणी आहे तोवर पदार्थाचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच घुटमळते, आतील हवाही थंडच राहते, आणि म्हणून १४० अंशांच्या पुढे जोमाने होणारी तांबूस रंगाची व खमंग वासाची रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत नाही. ग्रिल अथवा कन्व्हेक्शनची सोय असलेल्या भट्टीत तापलेली तार किंवा गरम हवा हे काम करते. पण तो भाजण्याचा प्रकार होय, सूक्ष्मतरंगांचा नव्हे.

तरंग भट्टीच्या धातूच्या भिंतींवरून परतून एकमेकांत मिसळत असल्याने आत काही जागा जास्त तापतात आणि काही थंड राहतात. तबकडी फिरते ती याचसाठी. तरीही पदार्थाची कड आधी शिजते आणि मध्य मागे राहतो. चौकोनी भांड्याच्या कोपऱ्यांत दोन बाजूंनी तरंग शिरत असल्याने बर्फीचे कोपरे कडक होतात; वड्या चौकोनी हव्या असल्या तरी मिश्रण गोल भांड्यात शिजवून मग ताटात थापणे बरे. दर दीड-दोन मिनिटांनी भट्टी थांबवून ढवळणे हा या पाकपद्धतीचा गाभा आहे, आणि ‘बटण दाबले की झाले’ अशी जाहिरात करणाऱ्यांनी तो नेमका झाकून ठेवला आहे.

कृतींत दिलेली वेळ भट्टीच्या शक्तीवर अवलंबून असते. ९०० वॉटच्या भट्टीत ७ मिनिटांत होणाऱ्या पदार्थाला ७०० वॉटच्या भट्टीत ९ मिनिटे लागतात, कारण दोन्हीकडे द्यावयाची ऊर्जा सारखीच असते. पुढील सर्व वेळा ८०० वॉट धरून दिल्या आहेत. ‘५० टक्के शक्ती’ निवडली असता साध्या भट्टीत मॅग्नेट्रॉन अर्ध्या ताकदीने चालत नाही. तो काही सेकंद पूर्ण ताकदीने चालतो आणि काही सेकंद बंद राहतो. दूध उतू जाण्याच्या बेतात येऊन पुन्हा खाली बसते ते या उघडझापीमुळे. इन्व्हर्टर, म्हणजे मॅग्नेट्रॉनला मिळणारी वीज सलग कमी-जास्त करणारी जोडणी, असलेल्या भट्टीत शक्ती खरोखरच कमी होते आणि दुधाचे पदार्थ अधिक निवांत शिजतात.

खव्याच्या पदार्थांत ही भट्टी सर्वांत सहज यश देते. १०० ग्रॅम दूध पावडर, दोन चमचे तूप आणि पाव वाटी दूध नीट कालवून एकेका मिनिटाने ढवळत तीन-चार मिनिटे तापवले की पेढ्यांजोगा मऊ खवा मिळतो. तो हलवायाच्या खव्यासारखा रवाळ नसतो आणि त्याला कढईचा धूसर वासही नसतो, पण वेलची-केशर घातल्यावर नैवेद्याला तो चालून जातो.

पुरणाचे प्रकरण अधिक मोलाचे आहे. विदर्भात होळी, पोळा आणि महालक्ष्म्या या सणांना पुरणावाचून चालत नाही, आणि पुरण आटवताना उडणारे चटके ज्यांच्या मनगटावर बसले आहेत त्यांना या भट्टीची महती वेगळी सांगावी लागत नाही. पाव किलो हरभरा डाळ कुकरमध्ये शिजवून, कट निथळून, तेवढाच गूळ किंवा साखर घालून, पसरट व खोल काचेच्या भांड्यात ती भट्टीत ठेवतात. दर तीन मिनिटांनी ढवळत दहा-बारा मिनिटांत डाव उभा राहील इतके पुरण घट्ट होते. भांड्यावर झाकण ठेवल्यास वाफ परत आत गळते आणि पुरण सैलच राहते, म्हणून वर फक्त जाळीदार झाकण असावे. डाळीतील पाणी कमी होऊ लागले की शेवटच्या दोन मिनिटांत गूळ कडेने तापून काळपट होऊ शकतो. तेथे शक्ती निम्मी करावी. सोवळ्यातल्या नैवेद्याचे पुरण मात्र काही घरांत आजही शेगडीवरच होते, आणि त्यात चवीचाही काही भाग आहे. तयार पुरणपोळी या भट्टीत गरम करणे मात्र टाळावे. साखरेने भरलेले ओलसर पुरण वरच्या पारीपेक्षा वेगाने तापते, त्यामुळे हाताला कोमट लागणारी पोळी जिभेला भाजते. आणि निवल्यावर पारी चिवट होते ती वेगळीच.

बासुंदीचा हिशेब मात्र भट्टीच्या विरुद्ध जातो. एक लिटर दूध आटवून ६०० मिलिलिटर करायचे तर सुमारे ४०० ग्रॅम पाण्याची वाफ करावी लागते. एवढ्या बाष्पीभवनाला सुमारे ९०० किलोज्यूल आणि दूध उकळीला आणण्यास आणखी ३०० किलोज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे ८०० वॉटची भट्टी पूर्ण ताकदीने अखंड चालली तरी २५ मिनिटे जातात. पूर्ण ताकदीवर दूध उतू जाते, म्हणून शक्ती निम्मी करावी लागते आणि वेळ पाऊण तासावर पोहोचतो. एवढे करून सायीचे जाड पदर धरत नाहीत आणि आटीव दुधाचा गुलाबीसर रंगही पुरता येत नाही. दूध पावडर घालून दहा मिनिटांत केलेली दाट बासुंदी पाहुण्यांपुढे ठेवता येते, पण तिला बासुंदी म्हणणे हा सौजन्याचा भाग आहे.

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि संत्रा बर्फी ही शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक पिशवीतली ठरलेली वस्तू आहे. आंबिया बहराची फळे साधारणपणे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आणि मृग बहराची फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतात. या फळाची एक खोड अशी की, काढलेला रस काही वेळ ठेवला किंवा बराच वेळ उकळला तर कडवट होतो. बियांत व पांढऱ्या सालीत असलेल्या द्रव्यापासून आम्लाच्या सान्निध्यात लिमोनिन हे कडू संयुग तयार होते आणि उष्णतेने ही क्रिया वेग घेते. थोड्या वेळात थोडा रस तापवणारी भट्टी येथे गॅसपेक्षा सरस ठरते. चार-पाच संत्र्यांच्या फोडी सोलून, बिया व तंतू काढून निघालेल्या २५० मिलिलिटर रसात ५० ग्रॅम साखर आणि दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोअर थंड असतानाच कालवावे. दोन मिनिटे तापवून ढवळावे आणि नंतर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने तापवत पांढुरका रस पारदर्शक व चकचकीत झाला की थांबावे. मक्याचा स्टार्च ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगू लागतो, पण त्याची कच्ची चव जाण्यास उकळी यावी लागते. वरून किसलेली नारिंगी साल चिमूटभर घातल्यास वास खुलतो. पांढरा भाग किसणीत आला की सारी मेहनत कडू होते. हा सॉस आइस्क्रीमवर, शिऱ्याबरोबर किंवा साध्या केकवर वाढतात.

बर्फीसाठी हाच रस गरासह साखरेत घट्ट आटवून निवू द्यावा आणि मगच खव्यात मिसळावा. दुधातील केसिन हे प्रथिन आम्लता ४.६ या सामूपर्यंत वाढली की साकळते आणि उष्णता त्यात भर घालते. गरम दुधात संत्रा घातला की पनीर हाती येते. संत्रा बासुंदीत फोडी अगदी शेवटी, थंडगार बासुंदीत घालतात, त्याचे कारणही हेच आहे.

साखरेचा पाक आणि कॅरॅमल ही या भट्टीतली सर्वांत धोक्याची कामे होत. कोरडी साखर तरंग नीट शोषत नाही, म्हणून १०० ग्रॅम साखरेत दोन चमचे पाणी घालतात. पाणी उडून गेले की तापमान झपाट्याने १६० अंशांपलीकडे जाते आणि सोनेरी रंगापासून काळ्या रंगापर्यंतचा प्रवास वीस-तीस सेकंदांत संपतो. रंग मधासारखा दिसताच भांडे बाहेर काढावे, कारण उरलेल्या उष्णतेने तो पुढेही गडद होत राहतो. साधारण १६० अंशांना वितळणाऱ्या पॉलिप्रोपिलीनचे ‘मायक्रोवेव्हला चालणारे’ डबे या कामाला चालत नाहीत. बोरोसिलिकेट काचच हवी, आणि तीही ओल्या ओट्यावर टेकवू नये. चांदीचा वर्ख लावलेली बर्फी किंवा सोनेरी काठाची कपबशी आत ठेवल्यास ठिणग्या उडतात. पेढे गरम करून खाण्याची सवय असलेल्यांनी वर्ख आधी काढावा.

चॉकलेट सॉसला उष्णता फारच थोडी लागते. कोकोचे लोणी सुमारे ३४ अंशांनाच वितळते, त्यामुळे मे महिन्यातल्या नागपुरात हे काम ओट्यावर आपोआप होते. भट्टीत निम्म्या शक्तीवर अर्धा-अर्धा मिनिट तापवावे आणि तुकडे आकार धरून दिसले तरी ढवळून पाहावे. ते आतून वितळलेले असतात. चॉकलेट वितळताना पाण्याचा एक थेंब पडला तरी ते दाणेदार होऊन आखडते. मात्र दूध किंवा साय भरपूर घातल्यास तसे होत नाही.

पांढऱ्या सॉससाठी ३० ग्रॅम लोणी वितळवून तेवढाच मैदा त्यात मिनिटभर शिजवतात, मग अर्धा लिटर कोमट दूध थोडे थोडे घालून दर मिनिटाला फेटत पाच-सहा मिनिटांत सॉस दाट करतात. गुठळ्या होतात त्या दूध एकदम ओतल्याने किंवा फेटण्याचा आळस केल्याने; भट्टीचा त्यात दोष नसतो. चिंचगुळाची चटणीही दहा मिनिटांत मिळून येते, आणि आंबट पदार्थाला काचेचे भांडे पितळेपेक्षा निर्धोक असते. भेदऱ्याचा, म्हणजे टोमॅटोचा, सॉस फार शिंतोडे उडवतो. त्याच्यासाठी भांडे पदार्थाच्या तिप्पट मापाचे घ्यावे.

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर गेला की शेगडीशी तासभर उभे राहणे नकोसे होते, आणि या शहरात मायक्रोवेव्हमधील गोडाला मिळालेली पसंती बरीचशी याच कारणाने आहे. तिखट रश्शांच्या बाबतीत मात्र ही सवलत लागू पडत नाही. सावजी रश्शावर किंवा पोह्यांवर येणारी तर्री ही तेलात मसाला परतून, तेल सुटेपर्यंत त्याला आच दिल्यावरच येते. पाण्याबरोबर तापलेल्या वाटणातून ती वर येत नाही. चिंचेची चटणी भट्टीत करणारी घरेदेखील तिची फोडणी कढल्यात, गॅसवरच करतात.