सुकटीचा ढीग आणि मोंढ्यातलं सोयाबीन

मराठवाड्याला समुद्र नाही. लातूरहून सरळ रेषेत निघालं तरी किनारा साडेतीनशे किलोमीटरच्या पुढं. तरीही आठवडी बाजारात भाजीच्या पथाऱ्या संपतात तिथं सुकटवाल्या बसलेल्या असतात. पोत्यावर बारीक सुकटीचा ढीग, शेजारी वाळके बोंबील. माझी आजी ही सुकट कोरड्या तव्यावर भाजायची, सुपात पाखडायची, पाण्यातून काढायची आणि भरपूर कांदा-लसूण घालून परतायची. मूठभर सुकटीवर पाच माणसांची ज्वारीची भाकरी जायची. रोजगारावर जाणाऱ्या घरात डाळ परवडत नसे, तेव्हा सुकट असायची.

हा मासा इतक्या लांब आला, कारण त्याला बर्फ लागत नाही. बोंबलाच्या अंगात जवळपास नव्वद टक्के पाणी. ते उन्हानं काढून घेतलं की माल हलका होतो आणि टिकतो. वसई-वर्सोव्याकडचे कोळी भरती-ओहोटीच्या ओढीत डोल जाळं लावून बोंबील आणि जवळा, म्हणजे जिची सुकट होते ती बारीक कोळंबी, धरायचे, आणि बायका तो वाळवून विकायच्या. ओली मासळी नाशवंत. होडी किनाऱ्याला लागली की कोळ्याला थांबता येत नाही आणि व्यापारी भाव पाडतो. वाळवण हाच गरिबाच्या हातातला एकमेव प्रक्रिया उद्योग होता, असं मला वाटतं.

चित्र पालटलं ते 1952 नंतर. त्या वर्षी भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रं यांच्यात करार झाला आणि पुढच्या वर्षी केरळात कोल्लमजवळ नींदकऱ्याला काम सुरू झालं. हेतू चांगला होता: होड्यांना इंजिन, मासळीला बर्फ, वस्तीला पाणी आणि दवाखाना, इथल्या माणसाच्या ताटात मासा. पण त्याच सुमारास कोचीतून गोठवलेली कोळंबी अमेरिकेला जायला लागली. तोवर ती वाळवून रंगूनला जायची, किरकोळ भावानं. डॉलरचा भाव दिसल्यावर इंजिन, बर्फ, भांडवल सगळं कोळंबीमागं वळलं. ज्यांनी कधी जाळं ओढलं नव्हतं, त्यांनी ट्रॉलर घेतले. ट्रॉलर तळ खरवडतो. कोळंबीबरोबर बारीकसारीक पिल्लंही वर येतात. किनाऱ्यावर भांडणं पेटली, महाराष्ट्रानं 1981 साली सागरी मासेमारीचा कायदा केला, केरळनं 1988 मध्ये पावसाळी ट्रॉलिंग थांबवलं. 1997 साली युरोपीय संघानं स्वच्छतेच्या कारणावरून आपला माल रोखला. मग मोठ्या कारखान्यांनी पैसे घालून सुधारणा केल्या. कोळंबी सोलणाऱ्या लहान शेडना ते झेपण्यासारखं नव्हतं.

आपला खरा धागा मात्र पेरूच्या किनाऱ्यावर सापडतो. तिथं अँचोव्ही नावाचा बोटभर मासा. 1970 साली पेरूनं तो 1 कोटी 20 लाख टनांहून अधिक काढला. माणसांनी त्यातला फारच थोडा खाल्ला. उरलेला शिजवून, दाबून, दळून त्याची भुकटी झाली आणि श्रीमंत देशांतल्या कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात गेली. साडेचार-पाच किलो मासळीची एक किलो भुकटी होते. 1972 मध्ये एल निन्यो आला, समुद्र तापला, त्यात आधीचा उपसा; मासा एकदम घटला. जगाला प्रथिनाचं खाद्य कमी पडलं आणि सगळे सोयाबीनच्या पेंडीकडं धावले. भाव इतका चढला की जून 1973 मध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यात काही काळ बंद केली. घाबरलेल्या जपाननं पुढं ब्राझीलमध्ये सोयाबीन वाढवायला पैसा घातला. पेंडीचा जागतिक बाजार उभा राहिला त्यात या घडामोडींचा मोठा वाटा आहे.

त्याच बाजाराला आज आपण बांधले गेलो आहोत. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, सौदा निघतो तेव्हा आडत्या आधी डीओसीचा, म्हणजे तेल काढलेल्या पेंडीचा भाव विचारतो. दाण्यात तेल जेमतेम अठरा टक्के, बाकीचा भाव पेंडीचा. ऑगस्ट 2021 मध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं, कुक्कुटपालनवाल्यांनी ओरड केली, सरकारनं 12 लाख टन पेंड आयातीला परवानगी दिली, आणि नवा माल येईस्तोवर भाव निम्म्यावर. ज्यानं त्या भरवशावर बँकेचं देणं धरलं होतं, त्याची अवस्था मी गावात पाहिली आहे. राग अजून गेलेला नाही.

2023-24 मध्ये भारतानं 60,523 कोटी रुपयांची मासळी आणि मासळीचे पदार्थ परदेशी पाठवले. त्यातला दोन तृतीयांश पैसा गोठवलेल्या कोळंबीचा. ही कोळंबी आता मुख्यतः आंध्रच्या तळ्यांत वाढते. तिच्या खाद्यात दोन गोष्टी येतात: मासळीची भुकटी आणि सोयाबीनची पेंड. भुकटीसाठी तारलीसारखा मासा दळला जातो, जो एरवी गरिबाला परवडतो. बाजारातल्या सुकटवाल्या पूर्वी वर चिमूटभर टाकायच्या. आता काटा ग्रॅमवर थांबतो.

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेनं भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा आंध्रचे कोळंबीवाले हवालदिल झाले. आमच्या मोंढ्यात त्या दिवशी कोळंबीचं नावही कुणी काढलं नाही. त्यांच्या तळ्यांत पडणाऱ्या पेंडीत लातूरकडच्या निलंगा-औशाच्या शेतातला दाणाही असू शकतो.