मद्यजन्य यकृतविकार : मृत्यू प्रमाणपत्रातील नोंद

मद्यपानाने यकृत निकामी होऊन आलेला मृत्यू कागदावर त्याच नावाने उतरतो असे नाही. यकृताचा आजार बहुधा लिहिला जातो, दारू मात्र गाळली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मृत्यू प्रमाणपत्राच्या नमुन्यात पहिल्या ओळीवर तात्काळ कारण, तिच्याखाली ते ज्यामुळे उद्भवले ती स्थिती आणि सर्वांत खाली मूळ कारण लिहायचे असते. अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव, त्यामागे सिरोसिस (यकृत व्रणांनी कठीण होऊन निकामी होणे), त्याखाली दीर्घकाळचे मद्यपान अशी ही साखळी आहे. डॉक्टर सिरोसिसपाशी थांबले, की आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांना संकेतांक देणाऱ्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, तो मृत्यू 'के ७०' या मद्यजन्य गटातून निसटून 'के ७४' या मद्याचा उल्लेख नसलेल्या सिरोसिसच्या गटात जातो. संकेतांक देणाऱ्याला कागदावर नसलेली दारू तर्काने जोडता येत नाही. जुन्या आयसीडी-९ मध्ये ५७१.५ या संकेतांकाच्या शीर्षकातच 'मद्याचा उल्लेख नसलेला' सिरोसिस असे शब्द होते आणि ते नेमके होते. उल्लेख नाही म्हणून मद्यही नव्हते, असे त्यातून काढता येत नाही.

या गळतीला केवळ हलगर्जी जबाबदार नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मद्याने झालेला यकृतदाह आणि लठ्ठपणा-मधुमेहासोबत येणारा यकृतदाह इतके सारखे दिसतात, की निवाडा रुग्णाच्या सांगण्यावर येऊन ठेपतो. शेवटच्या दिवसांत रुग्ण अनेकदा यकृतजन्य बेशुद्धीत असतो, नातेवाईक संकोचतात, आणि शोकात असलेल्या कुटुंबाच्या हाती तो शब्द असलेला कागद द्यायला डॉक्टरही कचरतात. ही माणुसकी समजण्यासारखी आहे, पण तिच्यामुळे आजाराचे खरे ओझे झाकले जाते. चूक उलटही होते : पिणारा म्हणून ओळख असलेल्या रुग्णाची हिपॅटायटिस सी ची तपासणी राहून जाते आणि सारा दोष दारूवर पडतो.

म्हणून अनेक अभ्यासक एकूण सिरोसिस-मृत्यूंचा कल पाहणे पसंत करतात. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमध्ये वाइनवर नियंत्रण आले, तेव्हा सिरोसिसचे मृत्यू झपाट्याने घटले. तो बदल टिपायला प्रत्येक प्रमाणपत्रावर मद्याचा उल्लेख असण्याची गरज नव्हती. ब्रिटनच्या सांख्यिकी कार्यालयाची मद्यजन्य मृत्यूंची पूर्वीची व्याख्या कारण न दिलेला सिरोसिसही मद्याच्या खाती धरत असे. २०१७ मध्ये तो वगळला गेला, आणि एकही मृत्यू कमी न होता आकडा खाली आला.