कार्ड बसलं, पण चालेल का? सिम्युलेटर आणि ग्राफिक्स कार्डाची पार्श्वभूमी

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलात आणि फ्लाइट सिम्युलेटरसाठी, म्हणजे संगणकावर विमान उडवायच्या प्रोग्रॅमसाठी हवंय असं सांगितलंत, तर जाणकार दुकानदार कार्डाआधी बाकीची चौकशी करतो. प्रोसेसर कोणता, रॅम किती, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किती वॅटचा? प्रश्न अगदी योग्य आहेत, आणि त्यांची मुळं चाळीस वर्षं जुनी आहेत.

ब्रूस आर्टविक यांनी आधी ॲपल टूवर, नुसत्या रेघांनी काढलेलं विमानउड्डाण उभं केलं. त्यांचंच काम पुढे नेऊन मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर १९८२ मध्ये आयबीएम पीसीसाठी फ्लाइट सिम्युलेटर आणला. तो डॉस या ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय थेट फ्लॉपीवरून सुरू व्हायचा आणि हार्डवेअरशी सरळ बोलायचा. त्यामुळे आयबीएमची नक्कल करणारी यंत्रं बाजारात आली तेव्हा परीक्षक त्यांवर लोटस १-२-३ हा हिशोबाचा प्रोग्रॅम आणि हा सिम्युलेटर चालवून बघत. दोन्ही चालले तर यंत्र खरोखर ‘कम्पॅटिबल’. सीजीए या आयबीएमच्या सुरुवातीच्या रंगीत कार्डावर ३२० बाय २०० ठिपके आणि चार रंग एवढ्यात शिकागोचा मेग्ज फील्ड विमानतळ दिसायचा. सुसंगततेचा प्रश्न या छंदाच्या पहिल्या दिवसापासून आहे तो असा.

१९९३ च्या पाचव्या आवृत्तीत जमिनीला टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवलेलं चित्र) आलं, तरी सगळी गणितं प्रोसेसरच करत होता. १९९६ मध्ये थ्रीडीएफएक्सचं वूडू कार्ड आलं. त्याला साधं टू-डी चित्र काढताच येत नसे, म्हणून जुनं कार्ड जागेवर ठेवून त्यातून एक आखूड केबल वूडूत घालायची आणि तिथून मॉनिटरला जायचं. शिवाय ग्लाइड ही त्याची स्वतःची भाषा होती आणि ती दुसऱ्या कंपनीच्या कार्डाला कळत नसे. १९९७ च्या ‘फ्लाइट सिम्युलेटर ९८’ने डायरेक्ट-थ्रीडी या मायक्रोसॉफ्टच्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या कार्डांना कळणाऱ्या भाषेचा रस्ता धरला आणि हौशी वैमानिकाला कार्डांमध्ये निवड करायची मुभा मिळाली. स्लॉटची कटकट मात्र राहिली. एजीपी या तेव्हाच्या ग्राफिक्स स्लॉटमध्ये ३.३ व्होल्टच्या कार्डाची खाच एका जागी, १.५ व्होल्टची दुसऱ्या जागी. २००४ पासून पीसीआय एक्सप्रेस हा नवा स्लॉट आला आणि ‘बसेल का’ हा प्रश्न जवळपास संपला.

आता ‘चालेल का’ हा खरा प्रश्न उरला होता. ऑक्टोबर २००६ मध्ये एफएसएक्स (फ्लाइट सिम्युलेटर एक्स) आला आणि त्याने कितीतरी जणांना चुकीची खरेदी करायला लावली. महागडं कार्ड घातलं तरी मोठ्या शहरावर फ्रेम्स तेवढ्याच पडायच्या, कारण मुख्य भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर होता. २००७ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने टेक्स्चर आणि ऑटोजेनचं (आपोआप उभ्या होणाऱ्या घरांचं, झाडांचं) काम इतर कोअरना वाटून दिलं, तरी मूळ दुखणं गेलं नाही. त्यात प्रोग्रॅम ३२ बिट, म्हणजे ६४ बिट विंडोजवरही जास्तीत जास्त ४ जीबी मेमरी. मोठं विमान, तपशीलवार विमानतळ आणि दाट ढग एकत्र आले की लांबच्या उड्डाणाच्या शेवटी, नेमकं उतरताना, मेमरी संपल्याची चौकट यायची. त्यावरचे तोडगे लोकांनी स्वतः शोधले. एफएसएक्सच्या सीएफजी (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये हायमेमफिक्स=१ ही ओळ घातली की गायब होणारे विमानाचे भाग परत दिसायचे, आणि टेक्स्चर मॅक्स लोड १०२४ वरून ४०९६ केलं की विमानावरचं तपशीलवार रंगकाम उघडायचं. मला या हौशी लोकांबद्दल मनापासून आदर आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अंतराळयानाने रडारने मोजलेल्या उंचीच्या आकड्यांवरून त्यांनी डोंगरांचे मेश (उंचसखलपणाच्या जाळ्या) बनवले. असा एक मेश टाकून मी पहिल्यांदा खंडाळ्यावरून उडालो तेव्हा खिडकीबाहेर सह्याद्रीचा तुटलेला कडा दिसला. कार्ड तेच होतं, डोंगर मात्र खरा वाटत होता.

जानेवारी २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सिम्युलेटर बनवणारा आपला एसेस स्टुडिओ बंद केला. लॉकहीड मार्टिनने त्याच पायावर प्रिपेअर-थ्रीडी हा सिम्युलेटर उभारला. त्यात २०१३ मध्ये डायरेक्टएक्स ११ (डायरेक्ट-थ्रीडीची पुढची पिढी) आलं आणि २०१७ मध्ये ६४ बिट, तेव्हा कुठे ४ जीबीची भिंत पडली. दुसरीकडे एक्स-प्लेन हा वेगळा सिम्युलेटर ओपनजीएल या ग्राफिक्स भाषेवर होता आणि एएमडी कार्डवाल्यांची त्यात बरीच वर्षं परवड झाली. २०२० मध्ये ११.५० आवृत्तीत व्हल्कन ही नवी भाषा आली आणि ते सुटले.

ऑगस्ट २०२० च्या मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिम्युलेटरने जमीनच इंटरनेटवरून ओढायला सुरुवात केली. मागे दोन पेटाबाइटहून जास्त माहिती होती, त्यामुळे ब्रॉडबँडचा वेगही चित्राचा भाग झाला. तेव्हा किमान २ जीबीचं जीटीएक्स ७७०, शिफारस जीटीएक्स ९७०ची आणि आदर्श ८ जीबीचं आरटीएक्स २०८० अशी यादी होती. नोव्हेंबर २०२४ च्या आवृत्तीत ९७० किमान झालं, २०८० शिफारशीत उतरलं आणि आदर्शाच्या जागी ४०८० बसलं, १२ जीबी व्हिडिओ मेमरीच्या अटीसह. जुनं ८ जीबीचं कार्ड असेल तर ते बदलण्याआधी टेक्स्चरची पातळी एक पायरी खाली आणून बघा. मेमरी भरल्यावर येणारे झटके बहुतेक वेळा तिथेच थांबतात.