शिकणाऱ्याचा सर्फबोर्ड केवढा असावा? या प्रश्नामागचा इतिहास

सर्फबोर्ड उलटा करून पाहिला की मधल्या लाकडी पट्टीलगत, काचतंतूंच्या थराखाली, शेपरने, म्हणजे बोर्ड घडवणाऱ्या कारागिराने, पेन्सिलीने लिहिलेले आकडे दिसतात. लांबी ७ फूट २ इंच, रुंदी २१.५ इंच, जाडी २.७५ इंच. नव्या बोर्डांवर त्यापुढे आणखी एक आकडा असतो : ४७ लिटर. पहिली तीन मापं जुनी आहेत. चौथं त्या मानाने अगदी अलीकडचं, पण शिकणाऱ्या माणसाच्या सर्वांत कामाचं.

इथे शिकणारा म्हणजे अगदी नवशिका नव्हे. मऊ फोमच्या मोठ्या बोर्डावर, फुटलेल्या लाटेच्या फेसात तो आता बऱ्यापैकी उभा राहतो. पुढे न फुटलेली लाट पकडायची आहे, तिच्या अंगावरून आडवं जायचं आहे, वळायचं आहे. या टप्प्यावर बहुतेक जण गरजेपेक्षा लहान बोर्ड घेतात. मला हा दोष त्या माणसांचा वाटत नाही. लहान बोर्ड म्हणजे चांगला सर्फर, ही समजूत त्यांच्यापर्यंत चालत आलेली आहे आणि तिचा उगम बऱ्यापैकी नेमका सांगता येतो.

हवाईत ही समजूत नव्हती. तिथे फळीचे प्रकार वेगळे होते आणि प्रत्येकाचं काम वेगळं. ‘ओलो’ सोळा फूट किंवा त्याहूनही लांब, हलक्या विलिविलीच्या लाकडाची, अलीई म्हणजे सरदार-राजघराण्यातल्या लोकांची. ‘अलाइया’ त्याहून आखूड आणि पातळ, कोआच्या किंवा नीरफणसाच्या लाकडाची. आणि ‘पाइपो’ ही पोटावर झोपून लाटेवर यायची छोटी फळी. फिन, म्हणजे तळाशी मागे बसवायचा कल्ला, कशालाच नव्हता. पाय नाहीतर हात पाण्यात घालून दिशा सांभाळायची.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर्फिंग बाहेर पसरलं ते भरीव लाकडाच्या जड फळ्यांवर. हवाईचा नामवंत सर्फर ड्यूक कहानामोकू याची १६ फुटी फळी ११४ पौंडांची, म्हणजे सुमारे ५२ किलोंची होती. अशी फळी पाण्यापर्यंत नेण्यातच शिकणाऱ्याची निम्मी ताकद संपत असणार. अमेरिकी सर्फर टॉम ब्लेकने पोकळ फळी बनवून वजन उतरवलं आणि १९३५मध्ये एका टाकून दिलेल्या स्पीडबोटीचा कणा काढून फळीखाली बसवला. सर्फबोर्डचा पहिला फिन तो. फळी मागून घसरायची थांबली.

दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात बॉब सिमन्सने काचतंतू, हलकं बाल्सा लाकूड आणि पाण्यावर तरंगत घसरणाऱ्या पृष्ठभागाचं शास्त्र सर्फबोर्डमध्ये आणलं. त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट मला या सगळ्या इतिहासात मोलाची वाटते. १९४७मध्ये जो क्विग या शेपरने सर्फर टॉमी झानच्या सांगण्यावरून डॅरिलिन झानक या तरुणीसाठी बोर्ड बनवला. ती नवशिकी होती. बोर्ड हलका हवा, तिला उचलता यावा, तिच्या गाडीत मावावा, एवढीच मागणी. क्विगने हलकं बाल्सा निवडून घेतलं आणि जेमतेम दहा फुटांचा बोर्ड घडवला. मालिबूच्या किनाऱ्यावर चांगले सर्फर तो मागून नेऊ लागले, कारण त्यांच्या जड फळ्यांपेक्षा तो कितीतरी सहज वळायचा. पुढची दहा-पंधरा वर्षं ज्या हलक्या ‘मालिबू’ बोर्डांनी गाजवली, त्यांच्या मुळाशी एका शिकणाऱ्या मुलीसाठी घडवलेला बोर्ड आहे. १९५६मध्ये अमेरिकी जीवरक्षकांचा संघ हे बोर्ड घेऊन ऑस्ट्रेलियात गेला. त्यात टॉमी झानही होता. ऑस्ट्रेलियन लोकांनी त्या बोर्डांना नावच दिलं, मालिबू.

१९५८च्या आसपास होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी पॉलियुरेथेन फोम बाजारात रुजवला आणि बाल्साची टंचाई मिटली. नऊ ते दहा फुटांचे हे फोमचे बोर्ड चॅम्पियनच्या हातात तेच आणि नवशिक्याच्या हातातही तेच. कौशल्यात फरक असे, मापात फारसा नसे.

ही एकवाक्यता १९६६ ते १९७० या चार वर्षांत संपली. १९६६मध्ये सॅन दिएगोच्या जागतिक स्पर्धेत ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग ९ फूट ४ इंचांच्या, त्या काळी पातळ समजल्या जाणाऱ्या बोर्डावर जिंकला. जॉर्ज ग्रीनोच्या लवचीक फिनची कल्पना त्याच्या मागे होती. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियन शेपर बॉब मॅकटॅव्हिशचे व्ही-तळाचे, म्हणजे तळ इंग्रजी V सारखा असलेले, बोर्ड हवाईत होनोलुआच्या लाटांवर उतरले. दशक संपेपर्यंत चांगल्या सर्फरच्या हातात सात फुटांहून लहान बोर्ड होते. लाटेच्या कुशीत वळायला ते विलक्षण होते. मात्र ज्यांचा तोल नुकता जमत होता त्यांना अशा बोर्डावर पॅडल करणं, म्हणजे पालथं झोपून हातांनी पाणी मारत पुढे जाणंसुद्धा जड जाई. बोर्डाची लांबी आणि सर्फरची प्रतिष्ठा यांची उलटी सांगड इथे बसली. १९७१च्या सुमारास बोर्ड पायाला बांधायची दोरी, म्हणजे लीश, आली. बोर्ड निसटला तर किनाऱ्यापर्यंत पोहण्याची भीती गेली, तशी लहान बोर्ड घेण्यातली उरलीसुरली आडकाठीही गेली.

१९८१मध्ये सायमन अँडरसनने तीन फिनांच्या थ्रस्टर बोर्डावर ऑस्ट्रेलियातली बेल्स बीचची स्पर्धा जिंकली आणि आजच्या शॉर्टबोर्डचा साचा ठरला. नव्वदच्या दशकात केली स्लेटरच्या पिढीने तो साचा अगदी बारीक केला : सहा फुटांच्या आसपास लांबी, सव्वाअठरा इंच रुंदी, सव्वादोन इंच जाडी, पुढचं टोक चांगलंच वर वळलेलं. घनफळ जेमतेम २६ लिटर. उभ्या, वेगवान लाटांवर त्या सर्फरांनी जे केलं ते आधी कुणी केलं नव्हतं. पण दुकानांत सर्वांसाठी हेच बोर्ड टांगले गेले.

शिकणाऱ्याच्या पाण्यात या बोर्डाचं काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. कमरेएवढी, उतरती, संथ लाट येत असते. सत्तर किलोंचा माणूस त्या २६ लिटरवर पालथा झोपलेला असतो. छाती पाण्याच्या पातळीखाली, नोज म्हणजे पुढचं टोक वर, आणि प्रत्येक हातामागे बोर्ड पाणी ढकलत चाललेला. लाट टेल म्हणजे मागचं टोक उचलते, पण बोर्ड घसरत नाही आणि लाट खालून निघून जाते. पुढच्या वेळी तो आणखी आत, लाट फुटते तिथे बसतो. आता लाट मिळते, पण कडा कोसळत असतानाच, आणि उठायला अर्धा सेकंदही उरत नाही. नोज पाण्यात शिरतं. तासाभराने दंड भरून येतात, पायांना मात्र काहीच शिकायला मिळालेलं नसतं. सर्फिंग उभं राहून शिकायचं असतं आणि उभं राहायला आधी लाट मिळावी लागते.

मधल्या काळात एक परंपरा शांतपणे टिकून होती. सात-आठ फुटांचा, रुंद, गोल नोजचा ‘मिनी-माल’. नाव अर्थातच मालिबूवरून. दुसरीकडे, १९६७मध्ये सॅन दिएगोत स्टीव्ह लिसने गुडघ्यांवर बसून लाटा घेण्यासाठी घडवलेला आखूड, रुंद, जवळपास सपाट ‘फिश’ नव्या शतकात पुन्हा लोकप्रिय झाला. चांगल्या सर्फरांनी रुंद आणि जाड बोर्ड घेतल्यावर जाडीबद्दलचा संकोच गळून पडला. ५ डिसेंबर २००५ रोजी बोर्डासाठी फोमचे ठोकळे पुरवणारा सर्वांत मोठा कारखाना, क्लार्क फोम, एकाएकी बंद झाला. त्यामुळे इपॉक्सी आणि हलक्या पॉलिस्टायरिन फोमलाही वाव मिळाला.

लिटरचा आकडा आला तो संगणकामुळे. बोर्डाचा आकार पडद्यावर काढून यंत्राने कापला जाऊ लागल्यावर घनफळ आपोआप कळू लागलं आणि ते बोर्डावर छापलं जाऊ लागलं. एक लिटर म्हणजे साधारण एक किलो पाणी बाजूला सारणारी जागा. ढोबळ हिशेब असा : नवशिक्याला वजनाच्या किलोंइतके किंवा त्याहून जास्त लिटर, पुढच्या टप्प्यावर वजनाच्या साधारण साठ-सत्तर टक्के, आणि व्यावसायिक सर्फरला पस्तीस-चाळीस टक्के. सत्तर किलोंच्या माणसाला सुरुवातीला दिलेले ते ४७ लिटर नेमके याच मधल्या पट्ट्यात बसतात.

एकट्या लिटरवर मात्र विसंबू नये. ४७ लिटर साडेसहा फुटी जाडजूड बोर्डातही भरता येतात आणि सात फुटांहून लांब बोर्डातही. दोन्ही तरंगतील, पण लांब बोर्ड लवकर घसरतो आणि लाट लवकर देतो. फोम छातीखाली आहे की टेलकडे, रेल म्हणजे बाजूच्या कडा गुबगुबीत आहेत की धारदार, हे तो आकडा सांगत नाही. रॉकर, म्हणजे बोर्डाचा बाजूने दिसणारा बाक, हाही तो सांगत नाही. त्यासाठी बोर्ड सपाट जमिनीवर ठेवून बाजूने पाहावा. संथ लाटांसाठी मधला बराच भाग जमिनीला समांतर दिसायला हवा आणि नोज शेवटी-शेवटी उचललेलं. ऑर्डरनुसार बोर्ड घडवणारा चांगला शेपर तर लांबीचा विषय सुरुवातीला काढतच नाही. वजन किती, आठवड्यातून किती वेळा पाण्यात जाता, तिथली लाट कशी, सध्या कोणता बोर्ड वापरता, हे तो आधी विचारतो आणि मगच पेन्सिल हातात घेतो.