हातातला ऑप्शन आणि नावावरचा शेअर: डॉटकॉममध्ये नेमकं कोण बुडालं?

डॉटकॉमच्या फुग्याबद्दल, म्हणजे 2000 च्या सुमारास इंटरनेट कंपन्यांचे भाव फुगून कोसळले त्याबद्दल, काहीही वाचायला घ्या, एक वाक्य हमखास येतं: सिलिकॉन व्हॅलीतल्या आपल्या इंजिनियर मंडळींकडे कंपनीचे हजारो शेअर होते, बाजार कोसळला आणि सगळं शून्य झालं. हे वाचलं की माझं डोकं फिरतं. स्टार्टअपमधल्या बहुतेकांकडे शेअर नव्हतेच, ऑप्शन होते. आणि ज्यांनी त्या ऑप्शनचे शेअर करून घेतले, त्यांतल्या कित्येकांचं नुकसान शून्यावर थांबलं नाही, ते शून्याच्याही खाली गेलं.

शेअर तुम्हाला ठाऊक आहे. डीमॅटमध्ये दिसतो, विकला की पैसे खात्यात. ऑप्शन म्हणजे तो शेअर आज ठरलेल्या भावाने पुढे कधीतरी विकत घेण्याचा हक्क. साठेखत आणि खरेदीखत यांत जो फरक, साधारण तोच इथे. फक्त इथे इसार द्यावा लागत नाही आणि व्यवहार पुरा करायची सक्तीही नसते. सर्वसाधारण रिवाज चार वर्षांचा. पहिलं वर्ष भरेपर्यंत काहीच हाती लागत नाही, मग एक चतुर्थांश, पुढे महिन्यागणिक थोडे थोडे वेस्ट होतात. वेस्ट झाले म्हणजे हक्क पक्का झाला, एवढंच. शेअर नावावर येतो तो तुम्ही खिशातून पैसे भरून ऑप्शन एक्सरसाइज केलात की.

ऑफर लेटरमधला आकडा पाहून "मला इतके शेअर मिळाले" म्हणून पेढे वाटणाऱ्यांना मी एकच विचारतो: कंपनीचे एकूण शेअर किती? ते माहीत नसेल तर त्या आकड्यावरून काहीच कळत नाही.

खरं घोडं पेंड खातं ते कराच्या तारखेपाशी. लोक धरून चालतात की शेअर विकला की नफा, आणि नफा झाला की कर. अमेरिकेत कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या इन्सेंटिव्ह स्टॉक ऑप्शनला हा नियम अर्धाच लागू होतो. नेहमीच्या हिशोबात एक्सरसाइज करताना कर नाही. पण तिथे ऑल्टरनेटिव्ह मिनिमम टॅक्स, म्हणजे एएमटी, नावाचा दुसरा समांतर हिशोब आहे; दोन्हींत जो कर जास्त, तो भरायचा. त्यात एक्सरसाइजच्या दिवशीचा बाजारभाव आणि तुमचा ठरलेला भाव यांतला फरक उत्पन्न म्हणून धरतात. एकही शेअर विकला नसला तरी.

कल्पित उदाहरण घेऊ. तुमच्याकडे 10,000 ऑप्शन, ठरलेला भाव 1 डॉलर. मार्च 2000. नॅसडॅक, म्हणजे टेक कंपन्यांचा भरणा असलेला अमेरिकन निर्देशांक, 10 तारखेला 5,048 वर बंद झालाय आणि तुमच्या कंपनीचा भाव 80 डॉलर आहे. तुम्ही 10,000 डॉलर भरून सगळे ऑप्शन एक्सरसाइज करता आणि शेअर ठेवून देता. ठेवता, कारण एक्सरसाइजनंतर वर्षभर (आणि ऑप्शन मिळाल्यापासून दोन वर्षं) थांबलात तर नफ्यावर 20 टक्के कर. आधी विकलात तर तो पगारासारखा धरून 39.6 टक्क्यांपर्यंत. सल्ला शहाणपणाचाच वाटतो. पण एएमटीच्या वहीत तुमचं 7,90,000 डॉलर उत्पन्न नोंदलं गेलं. त्याचे दर 26 आणि 28 टक्के. म्हणजे एप्रिल 2001 मध्ये दोन लाख डॉलरच्या आसपास कर भरायचा, आणि तोवर भाव 3 डॉलरवर आलेला. सगळे शेअर विकले तरी हाती 30,000. घेणं तीस हजारांचं, देणं दोन लाखांचं!

शेजारच्या टेबलावरच्या ज्या माणसाने काहीच केलं नाही, त्याचे ऑप्शन तसेच पडून राहिले. त्याचं स्वप्न गेलं, पण खिशातला पैसा गेला नाही. दोघांनाही आपण "शेअर बुडालेले" म्हणून एकाच ओळीत बसवतो, आणि मला राग येतो तो याचाच.

यातून सुटायची एक वाट होती. ज्या कॅलेंडर वर्षात एक्सरसाइज केलं त्याच वर्षात, म्हणजे 31 डिसेंबर 2000 च्या आत, शेअर विकले असते तर त्यांच्यापुरता एएमटी नाहीसा झाला असता आणि प्रत्यक्ष मिळालेल्या नफ्यावरच कर लागला असता. त्या वर्षअखेरीस नॅसडॅक 2,470 वर होता. जवळजवळ निम्म्यावर आलेला बाजार आता वर जाईल, मग तीनच महिन्यांसाठी स्वस्त कर का सोडा, असा विचार करून माणसं थांबली. आयपीओनंतर साधारण 180 दिवस शेअर विकायला बंदी असते, त्यात अडकलेल्यांना तर थांबण्यावाचून इलाजच नव्हता. माझं मत ठाम आहे: लिस्टेड कंपनीचे ऑप्शन एक्सरसाइज केलेत तर निदान करापुरते शेअर त्याच दिवशी विकून मोकळे व्हा. वर्ष मोजत बसू नका.

काहींना तो कर भरण्यासाठी घरं विकावी लागली. अमेरिकन काँग्रेसने 2006 मध्ये भरलेल्या कराचं क्रेडिट परत मिळण्याची सोय केली, आणि 2008 च्या कायद्याने अशा व्यवहारांतली जुनी थकबाकी माफ केली. तोवर सात-आठ वर्षं उलटली होती.

नारळ मिळालेल्यांची गोष्ट निराळी. नोकरी सुटली की सहसा 90 दिवसांत एक्सरसाइज करा, नाहीतर ऑप्शन रद्द. भाव ठरलेल्या किमतीच्याही खाली असेल तर पैसे कोण भरणार? एच-वन-बी व्हिसावरच्या आपल्या लोकांना तर अमेरिकेत राहायला तेवढाही अवधी नव्हता. नोकरी गेल्यावर 60 दिवस राहायची सवलत 2017 मध्ये आली.

पुण्या-मुंबईच्या आजच्या स्टार्टअपमधल्यांनी हे नीट वाचावं, कारण भारतात एएमटीच्या आडवळणाचीही गरज पडत नाही. एक्सरसाइजच्या दिवशीचा फरक सरळ पगारात धरतात आणि त्यावर टीडीएस कापतात. कंपनी लिस्टेड नसेल तर शेअर घ्यायला गिऱ्हाईक नाही, आणि कर मात्र आजच द्यायचा. 2020 च्या बजेटने हा कर पुढे ढकलायची मुभा दिली, पण ती फक्त ठरावीक सरकारी प्रमाणपत्र असलेल्या स्टार्टअपना, आणि बहुसंख्य स्टार्टअपकडे ते नसतं. असलं तरी नोकरी सुटली की मुभा संपते आणि 14 दिवसांत कर भरावा लागतो. म्हणजे ले-ऑफच्या पत्रासोबत कराचं बिलही येऊ शकतं, म्हणून एक्सरसाइजच्या फॉर्मवर सही करण्याआधी तेवढी रक्कम बँकेत वेगळी काढून ठेवा.